तीन चौरसांचा एक चौरस

माझी मुलगी आठवीत आहे. यंदा तिला चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा द्यायची होती. मी नको म्हणालो. "आता गणित-सायन्सकडे लक्ष दे, चित्रं काढून पोट भरत नाही," असं सुनावलंही. तिने वाद घातला नाही. रंगपेटी कपाटावर ठेवली आणि अभ्यासाला बसली.

त्याच आठवड्यात एका कार्यक्रमात मी मुस्लिम शास्त्रज्ञांवर बोललो. अल-ख्वारिज्मी, इब्न अल-हैसम, अबुल वफा अल-बूजजानी अशी नावं घेतली. चंद्रावरच्या एका विवराला अबुल वफाचं नाव दिलेलं आहे, हे सांगितल्यावर टाळ्या पडल्या. घरी येऊन अबुल वफाविषयी पुन्हा नीट वाचायला बसलो आणि त्या टाळ्यांची लाज वाटू लागली.

अबुल वफाचा जन्म इ.स. ९४० चा, खुरासानातल्या बूजजान गावचा. वयाच्या विशीत तो बगदादला आला आणि पुढचं आयुष्य तिथेच गेलं. तो खगोलशास्त्रज्ञ होता, त्रिकोणमितीत त्याचं काम मोठं आहे. पण त्याने एक पुस्तक खास कारागिरांसाठी लिहिलं. कारागिराला भूमितीतल्या कोणत्या रचना लागतात, हा त्याचा विषय. फरशा बसवणारे, लाकडात नक्षी कोरणारे, भिंतीवर वेलबुट्टी काढणारे यांच्यासाठी एका मोठ्या गणितज्ञाने लेखणी उचलली.

या पुस्तकात त्याने कारागीर आणि गणितज्ञ यांच्या बैठकींचा उल्लेख केला आहे. तिथे प्रश्न निघाला तो असा: तीन सारखे चौरस कापून, तुकडे जोडून, एकच मोठा चौरस कसा करायचा? अबुल वफाने दोन्ही बाजूंच्या चुका दाखवल्या. गणितज्ञाला सिद्धता येते, पण हाताने कापायची सवय नसते. कारागिराचा हात सफाईदार, पण डोळ्यांना बरोबर दिसलं की तो समाधान मानतो, सिद्धतेच्या वाटेला जात नाही. अबुल वफाला दोन्ही हवं होतं, आणि मी घरात त्याच दोन गोष्टींची फारकत करून बसलो होतो.

रविवारी मी घोटीव कागद आणले. तीन रंगांचे, १० सें.मी. बाजूचे तीन चौरस कापले आणि लेकीसमोर ठेवले. म्हटलं, याचा एकच चौरस करून दाखव, तुकडा उरायला नको.

तिने आधी चित्रकाराच्या नजरेने सुरुवात केली. एका चौरसाची बाजू आणि त्यात अर्धा कर्ण मिळवला तर मोठी बाजू मिळेल, असा तिचा अंदाज. दिसायला अगदी बरोबर. मोजलं तर १७ सें.मी.च्या किंचित वर. मग ती स्वतःच म्हणाली, तीन चौरसांचं क्षेत्रफळ ३०० होतं, म्हणजे बाजू ३०० चं वर्गमूळ, १७.३ हवी. पाव सेंटिमीटरचा फरक! थोडा वेळ तुकडे फिरवून ती वैतागली, "अब्बा, ये बैठताच नै!"

तेव्हा अबुल वफाची रीत करून पाहिली. दोन चौरस कर्णावर कापायचे, म्हणजे चार त्रिकोण होतात. तिसरा चौरस मध्ये अखंड ठेवायचा. प्रत्येक त्रिकोणाची लांब बाजू मधल्या चौरसाच्या एकेका बाजूला लावायची, अशी की तिचं एक टोक कोपऱ्याशी जुळेल आणि दुसरं टोक पुढच्या कोपऱ्याच्या बाहेर जाईल. चारही त्रिकोण एकाच दिशेने लावले की कागदाची भिंगरी दिसू लागते. आता त्रिकोणांचे बाहेरचे चार काटकोनी कोपरे पट्टीने सरळ जोडायचे. रेघेच्या बाहेर चार बारीक टोकं उरतात आणि रेघेच्या आत तेवढ्याच चार फटी. टोकं कापून फटींत बसवली की काम झालं. पट्टी लावली, १७.३ भरले.

लेकीने टोक आणि फट एकावर एक ठेवून पाहिली. मग विचारलं, "पण हे नेहमीच जुळेल का?" कारागिराने गणितज्ञाला विचारायचा प्रश्न तो हाच.

इतक्यावर थांबलो असतो तर पुन्हा बगदादचा अभिमानच मिरवला असता. पण आमच्या औरंगाबादेतच एक गोष्ट उभी आहे. बीबी का मकबरा आपण सगळे पाहतो, दिलरस बानूच्या कबरीभोवतीची अष्टकोनी संगमरवरी जाळीही पाहतो. मुख्य दरवाजावरच्या लेखात दोन नावं आहेत: रचनाकार अताउल्लाह आणि बांधकामाचा जाणकार हंसपत राय. हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. पण तो नुसता इमारती बांधणारा नव्हता. इ.स. १६३४ च्या सुमारास त्याने एका संस्कृत ग्रंथाचा फारसीत अनुवाद केला होता. तो ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांचं 'बीजगणित'.

कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, आणि त्याच्याजवळ पाटण. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त काटकोन त्रिकोणाचा नियम पटवताना चार त्रिकोण आणि मध्ये एक चौरस अशी रचना मांडली आहे. अबुल वफाची कृती वेगळी, प्रश्नही वेगळा. तरी आमच्या चटईवर पसरलेल्या त्या कागदांकडे पाहताना मला दोघंही शेजारी बसल्यासारखे वाटले.

आपण पूर्वजांची नावं पाठ करतो आणि मुलांना मात्र एका बाजूला ढकलतो. हुशार असेल तर सायन्स, नसेल तर चित्रकला. ज्यांच्या नावावर टाळ्या घेतो त्यांनी अशी वाटणी केली नव्हती. अताउल्लाहच्या घरात बीजगणित आणि बांधकाम एकत्र नांदत होतं. आपल्या घरात निदान कात्री आणि पट्टी एकत्र ठेवायला काय हरकत आहे?

तीन कागद, एक कात्री, एक पट्टी, डिंक आणि एक मोकळी दुपार, एवढंच लागतं. आधी उत्तर सांगू नका, मुलांना चुकू द्या. जुळलेले असे चार चौरस शेजारी शेजारी चिकटवले की छान नक्षी तयार होते. आमची नक्षी फ्रिजवर लावली आहे. रंगपेटी कपाटावरून मीच काढली, आणि परीक्षेच्या फॉर्मवर सही केली.