खुराक, रतीब आणि पूरक आहार

'खुराक' हा शब्द फारसीतून मराठीत आला. 'खुर्दन' म्हणजे खाणे. त्यामुळे मूळ अर्थ अन्न, एवढाच. मराठीने मात्र तो प्रामुख्याने पैलवान, घोडा आणि बैल यांच्यासाठी राखून ठेवला. कारकून जेवतो, पैलवानाला खुराक लागतो. 'रतीब' अरबी, रोजचा ठरलेला शिधा. आता तो गवळ्याच्या दुधापुरता उरला आहे. 'तालीम', 'वस्ताद', 'पैलवान' ही मंडळीही फारसी-अरबीच्याच वाटेने आलेली. हा शब्दसंसार दरबाराचा आहे, आणि दरबारात खाणारा एक, तर देणारा दुसरा असतो. म्हणून व्यायाम करणाऱ्याच्या आहाराचा इतिहास पाहताना काय खाल्ले यापेक्षा कोणी घातले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

कोल्हापूर हे त्याचे ठळक उदाहरण. राजर्षी शाहूंनी तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान पुरे झाले, आणि पैलवानाचे पोट ही संस्थानाची जबाबदारी ठरली. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटून केलेली थंडाई, म्हशीचे धारोष्ण दूध, तूप, मटण हा खर्च शेतकऱ्याच्या पोराला झेपणारा नव्हता. (कट्ट्यावर समोर पिळलेले दूध पिण्याची रीत कोल्हापुरात टिकली, तीही त्या काळाची आठवणच.)

हा आधार किती मोलाचा होता, हे तो सुटल्यावर कळले. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशावर. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तेव्हा देणारा दरबार नव्हता आणि नव्या सरकारचा हात आखडता होता. गावाने वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. मग त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते पैसे फेडले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे कर्जाऊ आहे. आपल्या क्रीडावाङ्मयात या पदकाचे गोडवे पुष्कळ. त्या गहाणखताची चर्चा त्या मानाने फार थोडी.

दरबाराला बाजाराचा पर्याय युरोपात आधीच निघाला होता. युजेन सँडो हा पीळदार शरीराचे प्रदर्शन करणारा व्यायामपटू १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला. पुढे त्याच्या नावाने शक्तिवर्धक कोको विकला गेला. स्नायूंचे चित्र आणि खाण्याचा डबा यांची सोयरीक तेव्हाचीच. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सँडोच्या पद्धतीचे कित्येक वर्षे भक्त होते. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले, ज्याला साधनही लागत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि मुख्यालयाच्या इमारती कोळगावला उभ्या राहिल्या. तिथल्या कागदांत 'पूरक आहार' म्हणजे अंगणवाडीतल्या बालकाचा घास. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने हा शब्दप्रयोग रुळवला, आणि जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाने त्याला इथे जड अर्थ दिला. व्यायामशाळेत जाणारा तरुण मात्र त्या शब्दाने प्रथिनांच्या भुकटीचा डबा समजतो. तारापूरच्या कारखान्यात पाळी करून तो डबा घेणारा मुलगा स्वतःच्या पगारातून घेतो. येथे खाणारा आणि देणारा एकच झाले. चूक की बरोबर हे सांगणारा वस्ताद मात्र गेला, त्या जागी विक्रेता आला.

त्या भुकटीचे मूळही पाहण्यासारखे आहे. चीज करताना दूध फाटून उरणारे पाणी पाश्चात्त्य कारखाने एकेकाळी नदीनाल्यांत सोडत. प्रदूषणाचे कायदे आले, गाळण्याचे तंत्र आले, आणि त्या पाण्यातली प्रथिने वाळवून विकता येऊ लागली. डब्यावर एका चमच्यामागे चोवीस ग्रॅम प्रथिने लिहिलेली असतात. तेवढी प्रथिने साधारण पाऊण लिटर दुधात मिळतात.