ज्या : धनुष्याच्या दोरीपासून भरतीच्या पाण्यापर्यंत

भाषाविज्ञानाच्या तासाला शब्दांच्या स्थलांतराचा विषय निघाला की 'ज्या' हे उदाहरण मी हटकून घेतो. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा ती ज्या. गणिताला प्रत्यक्षात लागे ती तिची निम्मी लांबी, अर्धज्या. पण पुढे 'अर्ध' गळून पडले आणि निम्म्या दोरीलाच पूर्ण दोरीचे नाव मिळाले. तिचा पर्याय 'जीवा' अरबीत 'जीबा' होऊन गेला. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि 'जीबा'ला त्या भाषेत काही अर्थही नव्हता. म्हणून वाचकांनी तीच अक्षरे 'जैब' अशी, ओळखीच्या शब्दासारखी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. बाराव्या शतकातील अनुवादकांनी तिच्यासाठी लॅटिन 'सायनस' योजला. हिंदीतील 'जेब' त्याच जैबची, आणि सर्दीने बेजार माणूस ज्याला दोष देतो तो सायनसही त्याच लॅटिन शब्दाचा.

येथे एक सावधगिरी हवी. 'कोज्या'वरूनच 'कोसाइन' आला, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. कोज्येतील 'को' हा 'कोटि'चा, म्हणजे धनुष्याच्या टोकाचा. कोसाइनमधील 'को' हा पूरक या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा, आणि तो एडमंड गंटरने १६२०मध्ये रूढ केला. योगायोग सुंदर आहे, पण तो योगायोगच.

आर्यभटाने इ. स. ४९९च्या 'आर्यभटीया'त चोवीस ज्यांमधील फरक एकाच श्लोकात, अक्षरांना संख्यामूल्ये देऊन, बसवले. त्रिज्या ३४३८ कला, पहिला फरक २२५. कोष्टक छंदात बांधून पाठ करण्याची ही परंपरा वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. परंतु हे कोष्टक त्रिकोण सोडवण्याच्या हौसेपोटी रचलेले नव्हते. सूर्य आकाशात वर्षभर सारख्या गतीने सरकत नाही. चंद्र तर मुळीच नाही. मध्यम गतीने येणारे स्थान आणि प्रत्यक्ष स्थान यांतला फरक वाढतो, कमी होतो, उलट दिशेला जातो आणि परततो. हे येणे-जाणे ज्येच्या भाषेत मांडता येते, हा मूळ शोध.

सह्याद्रीच्या परिसरातल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यापुढचे पाऊल टाकले. ग्रहाची तात्कालिक गती काढताना ज्येतील वाढ त्या त्या ठिकाणच्या कोज्येच्या प्रमाणात असते, हे त्यांनी वापरले. ज्या जिथे सर्वाधिक, तिथे कोज्या शून्य. म्हणून तिथे बदलही शून्य. हे सूत्र समजायला समुद्रकिनारा पुरेसा आहे. भरती पूर्ण झाली की पाणी क्षणभर थबकल्यासारखे होते, आणि भरती-ओहोटीच्या मध्यावर ते सर्वांत वेगाने चढते किंवा उतरते.

पण सिद्धान्तशिरोमणीच्या ग्रहगणितातील अधिकार पाहावेत : मध्यम, स्पष्ट, त्रिप्रश्न, चंद्रग्रहण, सूर्यग्रहण, शृंगोन्नती. भरतीचा अधिकार त्यांत नाही. ते ज्ञान दुसऱ्यांकडे होते. तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ, असा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर आजही चालतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हिशेबाची कसोटी घेतली तर तो विलक्षण चोख निघतो : भरती दर तिथीला सुमारे ४८ मिनिटे मागे पडते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. पंधरवड्याअखेर पाऊण तासाचा फरक साचतो, पण तिथी एकपासून पुन्हा सुरू झाली की तो पुसला जातो. बंदरात गलबत आणणाऱ्याला एवढे पुरत होते. पाणी किती चढेल, हे मात्र पाऊणकी सांगत नाही. त्यासाठी उधाण आणि भांग हे दोन शब्द आणि अनुभव.

ज्या आणि भरती यांची गाठ पडली ती ग्लासगोत. कोणतेही आवर्तन साध्या ज्या-कोज्यांच्या बेरजेत मांडता येते, ही फूरियेची १८२२मधील मांडणी. तिची बाजू वयाच्या सोळाव्या वर्षी लेख लिहून घेणारा विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) भरतीकडे वळला. चंद्राचे आवर्तन १२ तास २५ मिनिटांचे, सूर्याचे १२ तासांचे. दोन्ही एका तालात आली की उधाण, विरोधात गेली की भांग. याखेरीज चंद्राचे जवळ-दूर जाणे, उत्तरेला-दक्षिणेला सरकणे, अशी कितीतरी लहान आवर्तने. १८७२-७३मध्ये थॉमसनने दहा आवर्तनांचे यंत्र उभे केले. प्रत्येक आवर्तनाची एक कप्पी आपापल्या गतीने वरखाली होई, सर्व कप्प्यांवरून गेलेला एकच तार त्यांची बेरीज करी आणि टोकाची लेखणी आलेख काढी. वर्षभराची भरती चार तासांत कागदावर येई. कोज्यांची बेरीज दाते आणि तारांनी करणारे हे यंत्र मला कवितेपेक्षा कमी वाटत नाही; गणिताच्या सहकाऱ्यांना हे विधान रुचत नाही, तो भाग वेगळा.

पुढे एडवर्ड रॉबर्ट्सच्या देखरेखीखाली १८७९मध्ये असेच मोठे यंत्र खास भारतीय बंदरांसाठी लंडनमध्ये तयार झाले. अपोलो बंदरावर १८७८पासून पाण्याची उंची नोंदली जात होती. मोजायचे मुंबईत, गणित लंडनमध्ये आणि छापील तक्ते परत मुंबईत, असा हा प्रवास; शब्दाच्या प्रवासाइतकाच वळणाचा. त्या तक्त्यांतल्या प्रत्येक आकड्यामागे कोज्या होती. तिला त्या नावाने ओळखणारे पंचांगकर्ते मुंबईत होते, पाण्याला ओळखणारे कोळीही होते. पण दोघांचा संवाद झाल्याच्या खुणा मला तरी कुठे सापडलेल्या नाहीत. आणि इयत्ता नववीच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकात आज 'ज्या' नाही, 'साइन' आहे.