अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ संदेशांचे दूरग्रहण

अतिनिम्न वारंवारतेचे दूरग्रहण : ३ ते ३० किलोहर्ट्‌झ या पट्ट्यातील, हजारो किलोमीटर दुरून आलेले क्षीण रेडिओ संदेश टिपण्याचे तंत्र. या तरंगांची लांबी १०० ते १० किलोमीटर असते. भूपृष्ठ आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा आयनित थर) यांच्या मधल्या पोकळीतून ते दोन भिंतींमध्ये कोंडल्यासारखे पुढे सरकतात. या पोकळीचे छत दिवसा सुमारे ७० किलोमीटर आणि रात्री ८५ ते ९० किलोमीटर उंचीवर असते. दर हजार किलोमीटरमागे होणारी घट अवघी दोन-तीन डेसिबेल असल्याने एकच प्रक्षेपण केंद्र अर्ध्या जगाला ऐकू जाऊ शकते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या तरंगांची घट उलट दिशेच्या तरंगांपेक्षा कमी असते.

या पट्ट्यातला सर्वांत प्रसिद्ध आवाज स्वीडनमधील वारबर्गजवळच्या ग्रिमेटन केंद्राचा आहे. एसएक्यू ही त्याची हाकखूण आणि १७.२ किलोहर्ट्‌झ ही वारंवारता. अमेरिकेशी समुद्री तारांवर विसंबून न राहता थेट संपर्क असावा म्हणून स्वीडनने ते उभारले. १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे आणि त्यांवर ताणलेला दोन किलोमीटरहून लांब ॲंटेना असलेल्या या केंद्राचे उद्घाटन २ जुलै १९२५ रोजी राजे पाचवे गुस्ताव यांनी केले. येथे रेडिओलहरी निर्माण होतात त्या कोणत्याही व्हॉल्व्हमधून किंवा ट्रान्झिस्टरमधून नव्हे, तर फिरत्या पोलादी चाकातून. मूळचे स्वीडिश असलेले अभियंते अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी अमेरिकेत घडवलेल्या या जनित्राच्या चाकावर ४८८ खाचा आहेत. चाक मिनिटाला सुमारे २,११५ फेरे घेते. फेऱ्यांचा आणि खाचांचा गुणाकार करून साठाने भागले की १७.२ किलोहर्ट्‌झ मिळतात. वारंवारता स्थिर ठेवायची म्हणजे चाकाची गती अचूक राखायची. अशा जनित्रांपैकी चालू स्थितीत राहिलेले हे एकमेव असून, २००४ साली युनेस्कोने केंद्राला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. चालते यंत्र चालते ठेवूनच जपण्याचा स्वीडिश मंडळींचा आग्रह अनुकरणीय आहे.

दळणवळणातले या महाकाय केंद्रांचे राज्य फार टिकले नाही. ग्रिमेटननंतर दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, पुण्याजवळच्या खडकीचे प्रक्षेपण केंद्र आणि दौंडचे ग्रहण केंद्र यांच्या आधारे भारत–इंग्लंड तारसंदेश सेवा सुरू झाली, ती लघुलहरींवर. कमी वीज, आटोपशीर ॲंटेना आणि अधिक वेग या जोरावर लघुलहरींनी लांब लहरींना मागे सारले. तरीही नौदलांनी अतिनिम्न वारंवारता सोडली नाही. समुद्राच्या पाण्यात लघुलहरी पृष्ठभागाशीच विरतात. १७ किलोहर्ट्‌झच्या लहरीची तीव्रता मात्र दर दोनएक मीटरला सुमारे एकतृतीयांश उरत जाते, त्यामुळे दहा-वीस मीटर खोलीवरच्या पाणबुडीलाही आदेश मिळू शकतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम येथे १९९० पासून कार्यरत असलेले भारतीय नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन केंद्र याच कामासाठी आहे. १८.२ किलोहर्ट्‌झवरील त्याचा संदेश व्हीटीएक्स या नावाने ओळखला जातो. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केप येथील एनडब्ल्यूसी हे केंद्र १९.८ किलोहर्ट्‌झवर चालते.

ग्रहणातली खरी अडचण संदेश क्षीण असणे ही नाही. क्षीण संदेश वर्धकाने हवा तितका मोठा करता येतो, पण त्याच्यासोबत गोंगाटही तेवढाच मोठा होतो. या पट्ट्यात गोंगाटाचे दोन उगम आहेत. पहिला विजेचा लखलखाट : विजांची बरीचशी रेडिओ ऊर्जा १० किलोहर्ट्‌झच्या आसपास असते आणि तीही त्याच पोकळीतून खंड ओलांडून येते. वळवाच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या श्रोत्याला सतत कडकड ऐकू येते. दुसरा उगम माणसाने निर्माण केलेला आहे : मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि खुद्द घरगुती वीजपुरवठा. ५० हर्ट्‌झची ३४४वी पट बरोबर १७,२०० हर्ट्‌झ भरते, म्हणजे विजेच्या तारांमधला कुरकुराट ग्रिमेटनच्या नेमक्या जागीच येऊन बसतो. म्हणून जागेची निवड यंत्रापेक्षा महत्त्वाची ठरते. शहरी गच्चीवरच्या महागड्या ग्राही यंत्रापेक्षा वीजवाहिन्यांपासून लांब, माळरानावर ठेवलेले साधे साहित्य अधिक ऐकते. गावाची वीज गेलेली असते ती वेळ तर हौशी श्रोत्यांच्या या छंदासाठी उत्तम.

साहित्य खरोखरच साधे आहे. लाकडी चौकटीवर तांब्याच्या इनॅमल तारेचे बरेच वेढे घेतले की चौकटी ॲंटेना तयार होतो. तो फिरवून गोंगाटाचा उगम त्याच्या बधिर दिशेत आणता येतो, हा त्याचा मोठा गुण. दुसरा पर्याय म्हणजे उंच खांबावर हातभर लांबीची दांडी आणि तिच्या बुडाशी उच्च रोधाचा वर्धक. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारे संगणकातील साउंड कार्ड २४ किलोहर्ट्‌झपर्यंतचे संकेत थेट स्वीकारते, त्यामुळे वेगळा रेडिओ लागतच नाही. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालवावा.

पुढचे काम गणिताचे. गोंगाटाची शक्ती पट्टारुंदीच्या प्रमाणात असते. पट्टा हजारपट अरुंद केला की गोंगाट ३० डेसिबेलने उतरतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते : एक मिलिहर्ट्‌झचा पट्टा हवा असेल तर सुमारे हजार सेकंद एकाच स्वराकडे लक्ष द्यावे लागते, आणि तेवढा काळ साउंड कार्डाचे घड्याळ ढळता कामा नये. यासाठी जीपीएसच्या सेकंदठोक्यांचा आधार घेतात. या युक्तीने युरोपातील हौशी प्रक्षेपकांचे ८.३ किलोहर्ट्‌झखालचे, मिलिवॅटच्या अंशाइतक्या शक्तीचे संदेश अटलांटिकपलीकडे वाचले गेले आहेत. आंतरराष्ट्रीय वाटपाचा तक्ता ८.३ किलोहर्ट्‌झपासून सुरू होतो; त्याखालचा प्रदेश कोणत्याही सेवेला दिलेला नाही.

दूरच्या केंद्राच्या तीव्रतेची दिवसभराची नोंद ठेवली, तर आयनांबराचे चढउतार घरबसल्या दिसतात. सूर्योदय-सूर्यास्ताला आलेखात खोल खळगे पडतात आणि सूर्यावर ज्वाला भडकली की काही मिनिटांत तो एकाएकी उसळतो किंवा खाली जातो. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था अशाच नोंदींवरून आयनांबराचा अभ्यास करते. मानवी संदेश नसतानाही पट्टा रिकामा नसतो : विजांपासून निघून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषांवरून दुसऱ्या गोलार्धात उतरणाऱ्या, उतरत्या स्वराच्या शिट्ट्या पहिल्या महायुद्धात हाइनरिख बार्कहाउझेन यांनी ऐकल्या आणि १९५३ मध्ये ओवेन स्टोरी यांनी त्यांचे कारण उलगडले.

महाराष्ट्रातून सुरुवात करणाऱ्याने आधी व्हीटीएक्स शोधावे. पुण्यापासून ते सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे आणि त्याच्यावर साहित्याची परीक्षा होते. ग्रिमेटन त्याच्याहून अवघे एक किलोहर्ट्‌झ खाली आणि साडेसहा हजार किलोमीटर दूर असल्याने अरुंद गाळणी अनिवार्य. हे केंद्र जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी येणाऱ्या अलेक्झांडरसन दिनी आणि २४ डिसेंबरच्या सकाळी मोर्स संदेश पाठवते. जून-जुलैत आपल्याकडे विजा आणि पाऊस असतो, म्हणून डिसेंबरचे प्रक्षेपण गाठावे. भारतात तेव्हा दुपार असते.