सुट्टीत घटणारे वजन : ब्रॅडफर्ड, १९०७

१/ १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतील तरुण सैन्यभरतीसाठी पुढे आले. मँचेस्टरमध्ये आलेल्या अकरा-बारा हजार तरुणांपैकी सुमारे ८ हजार अपात्र ठरल्याचे आकडे चर्चेत आले. कोणाची उंची कमी, कोणाची छाती अरुंद, तर कोणाचे दात किडलेले. साम्राज्याची राजधानी हादरली.

२/ या दुर्बलतेची दोन स्पष्टीकरणे पुढे आली. पहिले असे की, खेड्यातील कणखर माणूस शहरात येतो आणि दोन-तीन पिढ्यांत त्याचा वंशच खालावतो. दुसरे स्पष्टीकरण साधे होते : ही माणसे लहानपणी उपाशी राहिली होती. पहिले खरे मानले, तर मुलांना जेवू घालणे व्यर्थ ठरत होते. दुसरे खरे मानले, तर शासनाला हात झटकता येत नव्हते.

३/ १९०१ मध्ये सीबोम राउनट्री यांनी यॉर्क शहराच्या दारिद्र्याची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात शाळकरी मुलांची उंची आणि वजन नोंदवलेले होते. अत्यंत गरीब घरांतील तेरा वर्षांचे मुलगे बऱ्या स्थितीतील कामगारांच्या मुलग्यांपेक्षा सरासरी साडेतीन इंच बुटके भरले. वजनातही ते बरेच मागे होते. शहर एकच होते आणि दोन्हीकडची मुले कामगारांचीच होती. फरक मिळकतीचा होता.

४/ १९०४ मध्ये शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल आला. शाळा-निरीक्षक डॉ. आल्फ्रेड आइखहोल्झ यांनी तिच्यापुढे साक्ष देताना लंडनच्या लॅम्बेथ भागातील जोहाना स्ट्रीट शाळेचे उदाहरण दिले. तेथील बहुसंख्य मुलांच्या अंगात अभ्यासाकडे लक्ष देण्याइतकेही त्राण नव्हते. हा ऱ्हास आनुवंशिक नसून अन्न व परिस्थिती सुधारल्यास भरून येणारा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

५/ दरम्यान ‘कवायत करा, शरीर सुधारेल’ हा सोपा उपायही योजला गेला. १९०२ मध्ये सैनिकी धर्तीचा व्यायामक्रम शाळांना देण्यात आला. परंतु गिरणीच्या शहरांत बारा वर्षांची कित्येक मुले अर्धा दिवस यंत्रांपाशी राबून उरलेला अर्धा दिवस वर्गात बसत. चहा-पावावर जगणाऱ्या अशा मुलांना कवायतीने बळ कसे येणार? टीका वाढली आणि तो व्यायामक्रम लवकरच मागे पडला.

६/ १९०६ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला. मात्र तो ऐच्छिक होता. स्थानिक शिक्षण-प्राधिकरणाला वाटले तरच भोजन द्यायचे, आणि करातून त्यासाठी खर्च करायचा तो पौंडामागे अर्ध्या पेनीपर्यंतच. मुलांना जेवू घालणे हे आईबापांचे कर्तव्य. ते सरकारने उचलले तर पालक बेजबाबदार होतील, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता.

७/ लोकरीच्या गिरण्यांचे शहर असलेल्या ब्रॅडफर्डने १९०७ मध्ये या वादात वजनकाटा आणला. शालेय वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली यांनी गरीब वस्तीतील सुमारे ४० मुलांना एप्रिल ते जुलै या काळात शाळेच्या दिवशी दोन वेळचे जेवण दिले : सकाळी ओटची लापशी, दूध व पाव, दुपारी गरम भोजन. टेबलावर स्वच्छ कापड आणि फुले असत. वाढण्याचे काम मोठ्या मुली करत. या मुलांची वजने नियमित नोंदवली गेली आणि तुलनेसाठी हे जेवण न मिळणाऱ्या मुलांचीही नोंद ठेवली गेली.

८/ जेवण सुरू होताच वजने झपाट्याने वाढली. पुढे शाळेला सणाची सुट्टी लागली, स्वयंपाकघर बंद झाले आणि आलेखाची रेघ खाली घसरली. शाळा उघडल्यावर ती पुन्हा चढली. वंश काही आठवड्याभरात खालावून पुढच्या आठवड्यात सुधारत नाही! त्या घसरलेल्या रेघेने वंशऱ्हासाच्या सिद्धान्ताला दिलेले उत्तर निरुत्तर करणारे होते.

९/ मग खेडी तरी सुखी होती का? १९१३ मध्ये राउनट्री आणि मे केंडल यांनी ४२ शेतमजूर कुटुंबांच्या खर्चाचा व आहाराचा अभ्यास मांडला. इंग्लंडच्या अवघ्या पाच परगण्यांत शेतमजुराची सरासरी मिळकत कुटुंबाचे शरीर धड राखण्यापुरती होती. दूध रेल्वेने शहरांकडे जाई. गोठ्यात राबणाऱ्या मजुराच्या मुलाला ते मिळेलच, याची खात्री नसे. मोकळी हवा त्याला विपुल होती, पण ताटात बहुधा पाव आणि बटाटेच असत.

१०/ १९१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. अर्ध्या पेनीची मर्यादा गेली, आणि शाळा बंद असतानाही मुलांना जेवण देण्याची मुभा मिळाली. एका गिरणगावातील मुलांच्या वजनांनी सात वर्षांपूर्वीच जे दाखवून दिले होते, ते अखेर कायद्यात उतरले : शाळेला सुट्टी असते, भुकेला नसते.