ॲडॅप्टिव्ह सिंक मॉनिटर : ग्राफिक्स कार्डानुसार निवड

ॲडॅप्टिव्ह सिंक : ग्राफिक्स कार्डाकडून फ्रेम तयार होऊन येईल त्या वेळी पडद्यावरचे चित्र बदलण्याची मॉनिटरमधील सोय. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी, ठरल्या ठोक्याला चित्र बदलतो. कार्डाला मात्र गेममधल्या एखाद्या दृश्याला १० मिलिसेकंद लागतात, तर गर्दीच्या दृश्याला २५. दोघांची चाल जुळली नाही की पडद्याच्या वरच्या भागात एक फ्रेम आणि खालच्या भागात दुसरी दिसते, म्हणजेच चित्र फाटते. व्ही-सिंक ही फ्रेम ठोक्यालाच दाखवण्याची सेटिंग लावल्यास फाटणे थांबते, पण ठोका चुकलेली फ्रेम पुढच्या ठोक्यापर्यंत ताटकळते आणि हालचाल अडखळते. ॲडॅप्टिव्ह सिंकमध्ये ठोकाच फ्रेमसाठी थांबतो.

एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले. त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळे मॉड्यूल लागे आणि किंमत चढे. व्हेसा या मानकसंस्थेने २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्ट १.२ए मानकात ही सोय खुली केली. एएमडीचे फ्रीसिंक याच पायावर उभे आहे. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका व पुढची जीफोर्स कार्डेही असे मॉनिटर चालवू लागली. त्यामुळे एएमडीच्या रेडिऑन कार्डांना फ्रीसिंक आणि जीफोर्सला जी-सिंक ही जुनी जोडी आता बंधनकारक नाही. अपवाद जुन्या मालाचा : जीटीएक्स ९०० मालिकेला मॉड्यूलवालाच मॉनिटर लागतो आणि सुरुवातीच्या मॉड्यूलवाल्या मॉनिटरवर रेडिऑनला ही सोय मिळत नाही. जुना मॉनिटर घेताना हे आधी पाहावे.

खोक्यावर १४४ किंवा १६५ हा वरचा आकडा ठळक छापलेला असतो. खरे पाहायचे ते ही सोय किती हर्ट्झपासून सुरू होते. ॲडॅप्टिव्ह सिंकची गरज कार्ड दमते तेव्हाच सर्वांत जास्त असते. ४८ ते ७५ हर्ट्झ पल्ल्याच्या मॉनिटरवर सेकंदाला फ्रेम ४० वर आल्या की सोय सुटते. पल्ला ४८ ते १४४ असेल तर तीच फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो आणि खेळणाऱ्याला सांधा जाणवत नाही. यासाठी वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट हवा. फ्रीसिंक प्रीमियमचा शिक्का असलेल्या मॉनिटरमध्ये फ्रेम दोनदा दाखवण्याची ही सोय असतेच.

मग पिक्सेलचा हिशेब. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख आणि ३८४० × २१६० वर, म्हणजे फोर-केवर, ८२.९ लाख. मध्यम कार्डाला फोर-के पडदा जोडला तर ते कायम पल्ल्याच्या तळाशी रेंगाळते. तरीही मॉनिटर सहसा कार्डापेक्षा जास्त वर्षे टिकतो, म्हणून पल्ल्यात काटकसर करू नये. करायचीच तर पिक्सेलमध्ये करावी.

केबलकडे दुर्लक्ष नको. एचडीएमआयच्या मानकात ही सोय २.१ आवृत्तीपासून आली आणि ते पोर्ट आरटीएक्स ३० व आरएक्स ६००० या २०२० च्या मालिकांपासून मिळते. त्याआधीच्या जीफोर्स कार्डासाठी डिस्प्लेपोर्टचीच केबल धरावी. रेडिऑनचे फ्रीसिंक मात्र अनेक मॉनिटरवर जुन्या एचडीएमआयवरूनही चालते. मॉनिटरच्या मेन्यूत ही सोय अनेकदा बंद असते, ती आधी चालू करावी लागते.

व्हीए आणि ओलेड पडद्यांवर फ्रेमदर एकदम वर-खाली झाला की अंधाऱ्या दृश्यांत उजेड थरथरतो. शक्य असल्यास दुकानातच एखादे रात्रीचे दृश्य चालवून पाहावे.