गेलेला पंप परत येतो

१९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ निघाली, तेव्हा पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढे तो काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरते; एवढ्या निसर्गनियमावर जवळजवळ दीड कोटी गाड्या धावल्या! १९२७ अखेरच्या ‘मॉडेल ए’चे इंजिन २० ऐवजी ४० अश्वशक्तीचे, तिथे पंप परतला.

त्याची दुरुस्ती करणाऱ्याची परीक्षा शाफ्टभोवतीच्या पॅकिंगपाशी होते. गळती दिसली, की नट करकचून आवळण्याचा मोह होतो. पण त्याने शाफ्टच झिजतो, आणि झिजलेल्या शाफ्टवर नवे पॅकिंगही टिकत नाही. हल्ली काही जण न गळणारा बंदिस्त पंप बसवतात. माझ्या मते शाफ्ट बदलून नट बेतानेच आवळावा. थेंबभर पाणी गळले तर गळू द्यावे.