बांधाला सांडवा होता, रस्त्याला नाही

सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळूरच्या बेळ्ळंदूर परिसरातील संगणक अभियंते ट्रॅक्टरवर बसून कचेऱ्यांकडे निघालेले साऱ्या देशाने पाहिले. अतिवृष्टी हे त्याचे तात्कालिक कारण होते. मूळ कारण मात्र या भूमीच्या इतिहासात आहे.

बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, जलविभाजकावर वसले आहे. शहराला मोठी नदी नाही आणि जमिनीखाली कठीण नाइस खडक आहे. वाळवंटातील वाटा एका विहिरीपासून दुसरीकडे जातात. या पठारावर मात्र पाणी शोधण्याऐवजी अडवावे लागले. शतकानुशतके लोकांनी उतारांवर मातीचे बांध घालून तलावांच्या माळा रचल्या. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून निघालेले पाणी ‘राजकालुवे’ म्हणजे मोठ्या नाल्याने खालच्या तलावात उतरत असे. बांधाखाली भातशेती, लगतच्या उंचवट्यावर गाव आणि अनेक ठिकाणी बांधाच्या माथ्यावरूनच गाडीवाट, अशी ही रचना होती.

केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेली पेठ आणि १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेले बेंगळूर अशाच तलावांवर जगले. सुमारे ९०० एकरांचा बेळ्ळंदूर हा आजच्या शहरातील सर्वांत मोठा तलाव. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्याचे पाणी त्यात येते आणि पुढे वर्तूर तलावातून दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते.

१८९० च्या दशकात हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले. १९७४ मध्ये सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरी आली. मग तलाव म्हणजे मोकळी जमीन ठरली. धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण. कावेरीचे पाणी पंपांनी चढ चढून शहरात येते, पण वापरून झाल्यावर जुन्याच उताराने खाली जाते. ते सांडपाणी बेळ्ळंदूरमध्ये साचत गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तर या तलावावर आग भडकली.

दरम्यान खोऱ्यातील नाले अतिक्रमणांनी अरुंद झाले आणि त्यांना आडवे रस्ते उभे राहिले. बांधही पाणी अडवी आणि भरावावरील रस्ताही अडवतो. फरक इतकाच, की बांध घालणाऱ्याने आधी सांडव्याची जागा निश्चित केलेली असे. रस्त्याखालच्या मोऱ्या अपुऱ्या पडल्या, की पाणी रस्त्यालाच तलाव करते. म्हणून नव्या रस्त्याची आखणी करताना जुन्या तलावांचा नकाशा आधी उलगडायला हवा.